परिशिष्ट ब

मसुदा हिंदीत टाइप होऊन आला होता.
गेंदालालजींनी चष्मा काढून तो माझ्याकडे सरकवला,
"रेशीमवाले, आपकी लिखावट अच्छी है. उतार लो."

सत्तावीस वर्षं युनियनची वही मीच लिहितो.
बोनसचं भांडण, कॅन्टीनच्या वरणातलं पाणी,
पेंट शॉपमध्ये पंखे हवेत म्हणून केलेला अकरा दिवसांचा संप,
सगळं या एकाच पेनानं. रिफिली बदलल्या फक्त.

परिशिष्ट ब, कलम चार:
कर्मचारी स्वेच्छा से पंधरा टक्के वेतन छोड़ेंगे,
तीन वर्ष.

पीथमपूरच्या तीन नंबर शेडमध्ये हात वर झाले.
पट्टा बंद होता, त्यावर एक टेम्पो
दारं न बसवलेला, नुसता सांगाडा,
आमच्यातच सभासद असल्यासारखा उभा.
मी मोजत गेलो.
नंदलाल वेल्डरच्या हाताला तीनच बोटं,
मत पूर्ण धरलं.
मागं कुणीतरी हात वर करून डोकं खाजवलं,
तेही धरलं.

फरीद मन्सूरी दाराशी उभा होता, ठेकेदाराचा माणूस.
त्याच्याकडे सोडण्यासारखं काही नव्हतं,
म्हणून त्याला कुणी विचारलं नाही.
सोमवारी त्याचा गेटपास निघाला नाही.
ते परिशिष्टात नाही.
कोणत्याच.

परतीच्या बसमध्ये पत्ते निघाले नाहीत.
राऊच्या चौकात ड्रायव्हरनं गाणं लावलं,
मग स्वतःच बंद केलं.

सुदामानगरला घरी शालिनी म्हणाली, वाचून दाखवा.
मी मराठी करत करत वाचलं.
स्वेच्छेपाशी अडलो.
ती कणीक मळता मळता म्हणाली,
"म्हणजे स्वखुशीनं, ना?"
तिनं टोमणा मारला नव्हता.
शब्दच तसा आहे आपला,
हिंदीतल्या इच्छेवर निभावलं असतं,
मराठीत खुशी दाखवावी लागते.

एकतीस हजार चारशेतून चार हजार सातशे दहा गेले.
उरलेल्यात मुलीचा क्लास बसतो,
आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बसत नाही.
आई म्हणाली, एका डोळ्यानं दिसतं की मला.

शुक्रवारी पोह्यांच्या गाडीवर
जिरावनचे डाग पडलेल्या कागदात बातमी आली:
बुडत्या कारखान्याला सरकारचा हात,
तीस कोटी, बिनव्याजी.
फोटोत मंत्रीजी, मालक,
आणि दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा चेक,
दाराएवढा. आमच्या टेम्पोला बसला असता.

पोहे गार झाले. मी हिशोब मांडला,
सवय आहे.
सभासद अठराशे बेचाळीस.
माझाच पगार सरासरी धरला.
महिन्याला शहाऐंशी लाख पंचाहत्तर हजार आठशे वीस.
छत्तीस महिने.
एकतीस कोटी तेवीस लाख, वर किरकोळ.
पुन्हा केला. तेवढेच.
म्हणजे सरकारपेक्षा आम्ही
सव्वा कोटीनं जास्त दिले,
आणि परत मागायचं कलम नाही.
गाडीवाल्याला म्हटलं,
तुझ्यासमोर एक सावकार उभा आहे.
त्याला वाटलं उधारी मागतोय.
"लिख लेता हूँ, बाबूजी," म्हणाला,
आणि खरंच लिहिली.

कारखाना चालू राहिला, हे खोटं नाही.
मंगळवारी त्या सांगाड्याला दारं बसली,
हॉर्न वाजवून पाहिला,
दोनतीन जणांनी टाळ्याही वाजवल्या. मी पण.

आज सभा आहे. पहिला विषय नेहमीचा:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
कायम.
नंदलाल झाला होता एकदा, चौऱ्याण्णव साली,
पेढे वाटले होते त्यानं तीन बोटांनी.
फरीद सात वर्षं होईन म्हणत होता.

वही उघडली आहे.
स्वेच्छेच्या शेजारी समासात
पेन्सिलनं एक बारीक प्रश्नचिन्ह आहे.
अक्षर माझंच.
खोडरबर खिशात आहे, गेंदालालजी यायचेत.