किती चालली आहे?

मारियाम्पोलेच्या बाजारात त्या सकाळी
चिखल गोठून दगड झाला होता.
काचांवर खडूने लिहिलेल्या किमती,
आणि माझा दीर वीतेनिस
प्रत्येक टायरला लाथ मारत चाललेला,
जणू टायरच खरं-खोटं करणार होते.

राखाडी स्टेशन वॅगन. मागे ऐसपैस जागा.
पावाचे चौदा क्रेट बसतील, मी मनात मोजले.
काट्याखाली आकडा: एक लाख अठरा हजार चारशे सहा.
"जर्मनीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरची," विकणारा
सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला,
"फक्त रविवारी काढायचा, चर्चला जायला."
लिथुआनियात येणारी प्रत्येक गाडी
आधी कुठल्यातरी म्हाताऱ्या डॉक्टरचीच असते.
इतके डॉक्टर, आणि सगळेच इतके देवभोळे!

मला माहीत होतं. तरी पैसे मोजले.
गारठलेल्या बोटांनी पन्नासच्या दोन नोटा जास्त गेल्या,
त्याने त्या परत केल्या.
हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी पायाला कळलं
जे डोळ्यांनी कळू दिलं नव्हतं.
ब्रेकच्या रबरावरच्या रेघा पार गेलेल्या,
आमच्या बेकरीच्या उंबऱ्यासारखा मधोमध खड्डा.
गिअरच्या मुठीवर एक आणि दोन पुसलेले,
पाच मात्र कालच कोरल्यासारखा.
म्हणजे हमरस्ता हिने फारसा पाहिलाच नव्हता.
गल्लीबोळ. थांब, निघ. थांब, निघ.

मग बॅटरीमागे, तारेने बांधलेली
ऑइल बदलल्याची पुठ्ठ्याची चिठ्ठी.
कासेल. तीन लाख सत्तेचाळीस हजार.
निळ्या बॉलपेनने, साताच्या पोटात आडवी रेघ.

मी पिठाच्या पिशवीवर वजाबाकी केली.
पृथ्वीला साडेपाच प्रदक्षिणा, वर थोडं.
"लॅपटॉप लावायचा, बारा मिनिटांचं काम,"
वीतेनिस म्हणाला, आणि हसला,
आणि मी हसत नाही पाहून
खिडकीबाहेर बघू लागला.

सीटखालच्या गालिच्यात एक घडी घातलेला कागद होता.
जर्मन मला बेताचंच येतं, पण एवढं लागलं:
सात-दहा, ओटेनबाई, इन्सुलिन, किल्ली कुंडीखाली.
सात-चाळीस, तिसरा मजला, पायांना पट्ट्या.
आठ-पाच, फक्त औषध. कुत्र्याला घाबरू नये.
डॉक्टर नव्हता तर. नर्स होती.
खोटं बोलताना तो बिचारा
खऱ्याच्या किती जवळून गेला होता.

तेव्हापासून पहाटे साडेचारला
आलीतुसच्या अकरा दुकानांना पाव टाकताना
माझ्या पायाखाली तिचा पाय असतो.
थांब, निघ.
सीटचा खळगा माझ्या मापाचा नाही,
ती माझ्याहून रुंद असावी,
किंवा दमून जास्त वेळ बसून राहत असावी
तिसऱ्या मजल्याच्या जिन्याआधी.
कुणी तरी तिच्या त्या सगळ्या सकाळी पुसल्या
आणि मला स्वस्तात विकल्या.
नाही, स्वस्तातही नाही.

आता काटा एक लाख त्रेचाळीस हजार दाखवतो.
वरचे पंचवीस हजार माझे, एकूण एक खरे,
पण पायाच भुसभुशीत, तर भिंतीला काय विचारायचं?

गिअरबॉक्स कण्हतो हल्ली. विकायला काढली आहे.
वीतेनिस म्हणतो, ती चिठ्ठी आधी चुलीत टाक.
टाकलेली नाही.
परत तारेने बांधलेलीही नाही.
यीस्टच्या पाकिटांबरोबर खणात आहे,
खण उघडला की दिसते, म्हणून मी हात आत घालून
न बघता पाकीट काढते.

काल एका मुलाचा फोन आला,
किर्गिझस्तानचा, तोडकंमोडकं रशियन.
बायको गरोदर, गाव दवाखान्यापासून लांब.
"ताई, खरंच सांगा, किती चालली आहे?"

भट्टीतून पाव काढायची वेळ झाली होती.
मी म्हटलं,
"या ना. येऊन बघून घ्या."