# ने सुरू होणाऱ्या ओळी

आई फोनवर विचारते, अजून ऑफिसात?
म्हणते मी, लायब्ररी निवडतेय.
कुठली, मांडवीची? ती तर कधीच बंद झाली असेल.
आता हिला कसं सांगू,
या लायब्ररीत पुस्तकं नसतात,
कुणीतरी लिहून ठेवलेले हात असतात,
ते आपल्या प्रोग्रामला जोडायचे,
मग त्याला फाइल उघडता येते,
एक आकडा बदलून
जिथली तिथे ठेवता येते.
ठेवता यावी, एवढंच म्हणणं आहे.

सयाजीगंज, सेव-उसळच्या दुकानावरचा दुसरा मजला.
तर्रीचा वास जिना चढून येतो.
समोर फाइल: अकराशे चाळीस ओळी,
अठरा पंपांच्या वेळा, झडपांचे नंबर, टाक्यांची पातळी,
आणि मधेमधे मुकुंद फणसे.

# २५च ठेवा. ३० केलं की शेवटच्या गल्लीला थेंब नाही.
# ही झडप उलटी बसवली आहे. बंद म्हणजे चालू. मी बसवलेली नाही.
# पुरानंतर वाढवलं. कमी करू नये.
# सुळे बाईंकडे डायलिसिस. सहाला पाणी हवंच.

फणसे दिवाळीत रिटायर झाले.
मशीन या ओळी वाचत नाही,
# दिसला की मान वळवून पुढे जातं.

पहिली लायब्ररी भन्नाट.
नऊ मिलिसेकंदांत वाचलं, लिहिलं,
सगळं अकारविल्हे लावलं,
झडपा आधी, टाक्या मागून, पंप कुठेतरी लांब,
आणि फणसे साफ.
चुना मारलेल्या भिंतीसारखी फाइल.
केतुल म्हणाला, मस्त छे, लई ले.

दुसरीने टिपणं ठेवली,
पण न्यू ओपी विभागाचं लघुनाव ‘एन ओ’,
ते तिने इंग्रजी नकार समजून वाचलं
आणि लिहून टाकलं: असत्य.
चार हजार नळांचा अख्खा भाग, असत्य.
आवृत्ती १.१० ची १.१ केली ती वेगळीच,
शेवटचं शून्य तिला फुकटचं वाटलं असावं.

तिसरी धीमी. चारशे मिलिसेकंद.
सांभाळणारा एकटाच, कुठल्याशा थंड देशात,
त्याची शेवटची नोंद चौदा महिन्यांपूर्वीची:
मुलगी झाली, उत्तरांना उशीर होईल.
केतुल म्हणतो, आना पर भरोसो, बेन?
आणि केटली धीमी छे!
म्हटलं, पाणी तरी कुठे घाईत येतं.

परीक्षा सोपी ठेवली.
फाइल वाचायची, काहीही न करता परत लिहायची,
मग जुनी आणि नवी शेजारी मांडायच्या.
फरक: शून्य.
फणसेंनी ओळीच्या शेवटी सोडलेल्या
दोन बिनकामाच्या मोकळ्या जागासुद्धा
होत्या तिथेच.
इतकं काहीच न घडल्याचा
एवढा आनंद मला याआधी झाला नव्हता.

मग खाली सरकत गेले, नऊशे बाराव्या ओळीपर्यंत.

# सुळे बाई गेल्या. वेळ सहाच राहू द्या. गल्लीला सवय झाली आहे.
# बदलायची असेल तर आधी मला फोन करा.

पुढे लँडलाइनचा नंबर, जुना, सहा आकडी.
लावून पाहिला. अस्तित्वात नाही.

मला बदलायची ती वेळ नव्हतीच.
सातव्या टाकीची पातळी फक्त, पस्तीसची चाळीस.
बदलली. एकच ओळ हलली,
बाकी अकराशे एकोणचाळीस आपापल्या जागी, गुमान.

खाली दुकानाचं शटर पडतं.
मी नव्या ओळीवर # टाकते,
लिहिते, चाळीस केलं, गळती होती म्हणून,
काही अडलं तर फोन करा, वैदेही गडकर,
आणि नंबर लिहायचा तिथे
कर्सर लुकलुकत राहतो.