बारा मिलिमीटर हवा

उद्यमबागच्या कोपऱ्यावरच्या त्या दुकानात
खिडक्या आहेत, भिंती नाहीत.
चन्नबसू एकेक उघडून दाखवतो,
पलीकडं पुन्हा तोच चन्नबसू.

'गाळी बरबारदु, बेळकु बरबेकु,' म्हणतो,
आणि माझ्या तोंडाकडं बघून
स्वतःच मराठीत आणतो:
'वारा आत नको, उजेड पाहिजे. बरोबर न्हवं, काका?'
बरोबर की.
पहिल्यांदाच कळलं होतं मला.
एकतीस वर्षं फौंड्रीत
शिव्या दोन्ही भाषांत खाल्ल्यात.

दोन काचा. मध्ये बारा मिलिमीटर हवा,
सीलबंद.
ती हलत नाही म्हणून ऊन ओलांडत नाही.
'ही हवा कुठली?'
'फॅक्टरीतली, काका.'
'फॅक्टरी कुठली?'
'हुबळीकडली असंल.'

सुलक्षणाचा मोबाइलवर हिशेब चाललेला:
पश्चिमेला दोन, पूर्वेला एक,
पंखा किती कमी फिरेल,
किती वर्षांत पैसे फिटतील.
सात, म्हणाली.
मी माझ्या वयात सात मिळवले
आणि गप्प बसलो.

उष्णता मला आकड्यांत कधी भेटली नाही.
भट्टीसमोर उभं राहिलं
की आधी भुवया सांगायच्या, मग नडग्या.
खिशात निळ्या काचेचा तुकडा असायचा,
काडेपेटीएवढा.
त्यातनं रस दिसायचा, डोळे न जळता.
अजून आहे. काढून दिला चन्नबसूला.
अंगठ्यानं घासून
त्यानं ट्यूबलाइटकडं धरला.
'ह्याला कोटिंग कसलं?'
'तंबाखूचं असंल.'

सगळं ठरलं, सही राहिली,
तेव्हा हौसा म्हणाली,
माझ्या स्वयंपाकघराला हे नको.
साधी बसवा, लाकडी, कडीची,
फट राहिली तर राहू दे.
समोरचा प्लॉट गंगव्वानं घेतलाय.
तिची हाक मुळातच बारीक,
तुमच्या त्या कोंडलेल्या हवेतनं
माझ्यापर्यंत यायची कशी?

'आई, फोन करायचा की.'
हौसा लेकीकडं बघत राहिली,
ही कुणाची, असं.

चन्नबसूनं कोटेशनवरची एक ओळ खोडली.
एकूण पुन्हा मांडताना
त्याचे ओठ कन्नडमध्ये हलत होते.

संध्याकाळी मच्छेला गेलो एकटाच.
भिंती उभ्या आहेत, जागच्या जागी भोकं.
जांबोटीकडचा वारा त्यांतनं थेट येतो,
सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या फडफडवतो,
पूर्वेच्या भोकातनं
येळ्ळूरच्या गडाकडं निघून जातो.
महिन्याभरात त्याला वळसा पडणार.

घमेलं पालथं घालून बसलो
पश्चिमेच्या खिडकीत, म्हणजे जिथं ती होणार तिथं,
आणि निळी काच डोळ्याला लावली.

सूर्य कडेनं मळी धरत होता.
ओतायची वेळ टळून गेलेली.
सवयीनं हात वर गेला,
'थांब' म्हणून,
लॅडल धरणाऱ्याला.

समोरच्या प्लॉटवर
गंगव्वाचा गवंडी हात धूत होता.
त्याला वाटलं, मी बोलावलं.
चपला घालून
तो यायला निघाला.