सत्तेचाळीस नंबर

पवईत, तिसऱ्या मजल्यावर, पडदे ओढून
मी लडाखच्या पोटातले आवाज चाळत बसते.
शेजारच्या टॉवरचं पायलिंग चालू आहे.
धप्. चहाची साय थरथरते.
इथे भूखंड म्हणजे प्लॉट, चौरस फुटांचा.
खरा भूखंड उत्तरेला निघाला होता,
वाटेत त्याला गाडी लागली,
पोटातलं सगळं बाहेर आलं, थिजलं,
त्या काळ्या पत्थरावर आपण हप्ते फेडतो.

तिकडे माणसं भोक पाडतात, सुरुंग ठासतात.
हाक खाली जाते
आणि तारेवरचे चारशे कान वाट बघतात :
कुठला थर वाकला, कुठला कुणाखाली सरकला.
टक्कर म्हणतात तिला.
मला तर वाटतं, अरुंद जिन्यातून कपाट चढवतायत,
आणि पाच कोटी वर्षं
कुणी टेकवायला तयार नाही.

सत्तेचाळीसवर मात्र दुसरंच काही.
बारीक, एका लयीत, जवळ येणारं,
थांबून पुन्हा तिथल्या तिथे.
फोन केला. स्टॅन्झिन हसला,
"मीच तो मॅडम. बॅटरी बघायला गेलो,
बोटं बधिर झाली, बूट आपटले जरा."
केणी सर म्हणाले, गोंगाट आहे, गाळून टाक.

गाळला.
बुटांच्या खाली, सत्तर किलोमीटरवर,
एक रेघ वर आली, फिकट, तिरकी.
पर्वताचं मूळ.
सरांना ती पाठवली.

न गाळलेली फाइल
मी त्याच्या नावाने ठेवली आहे.
चहा निवलाय.
धप्.