आठला दहा कमी

रबाळे एमआयडीसी, शेड नंबर तीन.
पारसिकच्या डोंगरामागून ऊन अजून वर यायचंय.
रात्रपाळी नळावर कोपरं घासतेय,
दिवसपाळी माझ्यासमोर तीन रांगांत,
हेल्मेट काखेत, डोळ्यांत उरलेली झोप.
मी सेफ्टी ऑफिसर. मला पाच मिनिटं मिळतात.

पहिलं वर्षभर मी कागद वाचला.
कागद चांगला होता. त्यात 'सदर' होतं, 'अन्यथा' होतं.
मारोती घोडके मधल्या रांगेत उभ्याउभ्या झोपायचा
इतक्या सफाईने,
की काखेतलं हेल्मेटसुद्धा हलायचं नाही.

मग पुण्याहून कुलश्रेष्ठ सर आले, एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन.
म्हणाले, श्रोत्यांच्या कपाळावर नजर ठेवा,
त्यांना वाटतं डोळ्यांत बघताय.
तळवे उघडे. आवाज बेंबीपासून.
मी घरी, कळव्यात, फ्रिजसमोर तळवे उघडून उभी राहिले.
आई म्हणाली, काय गं, काय हवंय?

पण कपाळांवर काही लिहिलेलं नसतं.
म्हणून एकदा ओठ बघितले.
मागच्या रांगेत दयानिधी बेहेरा, गंजामचा.
त्याचे ओठ माझ्यामागून हलत होते,
अर्ध्या श्वासाच्या अंतराने.
डावीकडे कुशा, उजवीकडे लिंगराज,
दोघांचे कान त्याच्याकडे कललेले.

मी म्हणत होते: ओला पाइप जस्तात सोडू नका.
परभणीवाल्यांसाठी ओला, बलियावाल्यांसाठी गीला.
आणि मागून, हळूच: ओदा.
जस्त म्हटलं की मागून: दस्ता.
साडेचारशे डिग्रीचं वितळलेलं जस्त,
त्यात पाण्याचा थेंब गेला तर काय होतं
हे मी दीड वर्ष सांगत होते,
आणि तो थेंब त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत
हातमोज्यांवर घसरत होते.

दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागले.
माझं वाक्य. मग दयानिधीचं. मग माझं.
आमचं काही ठरलं नव्हतं. त्याने मान वर केली, इतकंच.
आधी पाच मिनिटांत अकरा सूचना बसायच्या,
आता तीन.
मारोती जागा राहायला लागला.
म्हणे, म्याडम, तुम्ही गप झालात की भ्या वाटतंय,
आता काही विचारत्यात की काय.

वैशाखात दयानिधी गावी गेला, बहिणीच्या लग्नाला.
मी सवयीने थांबले.
कोणीच बोललं नाही.
एक्झॉस्टचा पंखा फिरत राहिला.
कुशा माझ्याकडे बघत होता, पहिल्यांदाच,
आणि कपाळाकडे नव्हे.
मी म्हटलं: ओदा.
'द' फार जड पडला असावा,
मागची रांग फुटून हसली.
लिंगराजने दुरुस्त केलं. मी पुन्हा म्हटलं.
त्याने पुन्हा दुरुस्त केलं, आता चिडून,
वर्गात मास्तर चिडतो तसं.
त्याचा आवाज इतका घोगरा असेल
असं मला कधी वाटलं नव्हतं. खरं तर
मला कधी काहीच वाटलं नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याहून माझा मूल्यमापन फॉर्म आला.
विषयाचे ज्ञान: उत्तम. हातवारे: समाधानकारक.
बोलताना वारंवार थांबतात. सुधारणेस वाव.
मी सही करून परत पाठवला.

आणि पुढच्या गुरुवारी, दुपारी,
क्रेनच्या हुकाला सहा इंची पाइपांचा गठ्ठा,
वाळवून झालेला, माझी त्यावरही सही झालेली,
टाकीच्या दिशेने सरकत.
लिंगराज वाकला, एका पाइपच्या पोटात डोकावला,
हात वर केला
आणि ओरडला तो एकच शब्द.

परभणी थांबली. बलिया थांबलं. क्रेनवाला थांबला,
त्याला तर उडिया येतही नाही.
मी धावत गेले. गुडघे टेकून आत बघितलं.
चमचाभर पाणी.
त्यात शेडची ट्यूबलाइट दिसत होती.