तेरा पायऱ्या

बुधवारच्या बाजारात, गंगेच्या काठाला,
मेथीच्या जुड्या संपतात तिथून पुढे
युनूस खतीब ताडपत्री पसरून बसतो.
नळाच्या तोट्या, इस्त्र्या, एका काडीचे चष्मे,
आणि तबकड्या.
"ही नका घेऊ," म्हणाला, "हिच्यात गाणं नाही."
म्हणून घेतली.
साठ रुपये. पिशवी त्यानेच दिली, युरियाची.

कव्हरवर हिरवं वटवाघूळ.
शाई केसभर सरकलेली,
त्यामुळे वटवाघळाला स्वतःचंच भूत चिकटलेलं.
मी प्रेसमधला माणूस,
एकतीस वर्षं नाशिकरोडला नोटा छापल्या.
मला आधी हललेला रंग दिसतो,
चित्र मागाहून.

पाठीमागे यादी:
दार, गंजलेलं. दार, आपटणारं. साखळदंड.
घुबड.
विहिरीत काहीतरी पडताना.
बाईची किंकाळी, छोटी. बाईची किंकाळी, मोठी.
जिना.
आणि कोपऱ्यात निळ्या शाईत, वळणदार,
ओ. डिमेलो, देवळाली कँप.

मास्तरीण होत्या, युनूस सांगतो.
बंगला विकला गेला, भाच्याने सगळं वजनावर काढलं.
पियानोसुद्धा, म्हणे, किलोवर.
ऑक्टोबरच्या शेवटच्या रात्री
बोर्डिंगच्या पोरांना त्या घरी बोलवायच्या,
दिवे मालवायच्या,
भोपळा पोखरताना मनगट दुखतं म्हणून
पपईत मेणबत्ती लावायच्या
आणि ही तबकडी.
पोरं चड्डीत मुतायची, युनूस म्हणाला,
जणू तोही त्यांच्यात होता.
होता की काय, विचारायचं राहिलं.

आज तीच तारीख.
आमच्या सोसायटीत प्लास्टिकचे सुळे लावून
पोरं चॉकलेटं उकळत फिरतायत.
दुसऱ्या मजल्यावरची त्रिशला शहा
डबलबेडच्या चादरीला दोन भोकं पाडून आली,
आईचा ओरडा अजून जिन्यात घुमतोय.
"काका, तुमच्याकडे काय आहे?"
चॉकलेट नव्हतं. म्हटलं, बस.

घुबड म्हणजे सरळसरळ एक माणूस होता, सर्दी झालेला.
विहीर म्हणजे बादली.
मोठी किंकाळी ऐकून चादर हसायला लागली,
हसता हसता भोकं तिरपी झाली,
डोळे भलतीकडेच गेले.

मग सुई शेवटच्या पट्ट्यावर आली.
ट्यूबखाली नीट पाहिलं:
बाकी तबकडी काळी, डांबरासारखी चकचकीत,
आणि एवढाच पट्टा करडा, झिजलेला,
हजार हातांतून गेलेल्या दहाच्या नोटेसारखा मऊ.
यादीत "जिना"पुढे पेन्सिलचा ठिपका.
वर्षातून एकदा किंकाळी लागते, ठीक आहे.
पण जिना
कुणाला रोज लागत असेल?

बूट. लाकडी पायरी. बूट.
घाई नाही, कुठे धाप नाही,
बाजारातून पिशवी घेऊन आल्यासारखा
कोणीतरी वर येतोय.
मला मोजायची सवय. तेरा.
तेराव्यावर थांबतो.
मग नुसती खरखर, पावसाळी देवळालीसारखी,
दार नाही, कडी नाही, "आलो" नाही.

सुई परत ठेवली.
तेरा.
परत ठेवली.
माझ्या खुंटीवर एक दुसरी किल्ली आहे,
चार वर्षं झाली,
ती मी काढली नाही, कुणाला दिलीही नाही.
त्रिशला हसायची थांबली होती.

चादर उठली.
फरशीवरून फरफटत गेली,
टाचा उंचावून तिने वरची कडी काढली
आणि दार उघडून
बाजूला उभी राहिली, पाहुण्याला वाट देतात तशी.

बाहेर मिटमिटणारी ट्यूब, कुणाचं तरी सॅंडल,
आणि आमचा जिना.
आमच्या जिन्याला सोळा आहेत.
तेरा झाल्या होत्या.
दार मी लावलं नाही.