तेरा नंबरची बॅटरी

तीन सूपच्या पाकिटांना मी एक दावा लिहून देतो.
थर्मनकडून दोनच घेतली.
आर्कन्सॉच्या या तुरुंगात बावीस वर्षं झाली,
कोर्टातले कारकून माझं अक्षर ओळखत असतील.

छापील फॉर्म म्हणतो : काय घडलं ते थोडक्यात सांगा.
कायदा लिहू नका.

लिहिलं :
डाव्या कानात यंत्र आहे, खात्यानंच दिलेलं.
त्याला तेरा नंबरची बॅटरी लागते,
शर्टाच्या बटणाएवढी.
अकरा महिने मिळालेली नाही.
पहाटे चारच्या मोजणीला नाव पुकारलं,
हा भिंतीकडे तोंड करून झोपलेला.
उठला नाही, तीस दिवस एकांतकोठडी.
सुटून आला. पुन्हा तेच, पुन्हा तीस.
वॉर्डनच्या कानावर तीनदा घातलं.
त्यांचे कान चांगले आहेत.
(हे शेवटचं वाक्य मी नंतर खोडलं.)

प्रतिवादींत सार्जंट ब्रॅनमचं नाव आलं
तेव्हा थर्मननं माझं मनगट धरलं.
"तो वाईट नाही रे. मला त्याचे दात दिसतात फक्त."
मी लिहिलंच.

आधी आतल्या आत तक्रार करायची असते, तीन पायऱ्या.
दुसऱ्या पायरीचं उत्तर आलं त्या दिवशी
टपाल वाटताना त्याचं नाव घेतलं गेलं,
हा बसून राहिला, कागद परत गेला.
मुदत टळली.
सरकारी वकिलानं त्यावर नऊ पानं काढली,
दोन ओळींत ऐसपैस अंतर सोडून.

फी साडेतीनशे डॉलर,
बहीण पाठवते त्यातून दरमहा कापून.

मार्चमध्ये तारीख पडली, व्हिडिओवर.
एक खुर्ची, एक पडदा.
मी बाहेर फरशी पुसत होतो, काचेपाशी जरा जास्तच वेळ.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, ओठ हलले.
नंतर कागदावर वाचलं :
"मिस्टर गॅडी, माझा आवाज नीट येतोय?"
आणि थर्मन,
ज्याला शाळेपासूनची सवय
की समोरचा बोलायचा थांबला की मान डोलवायची
आणि हसायचं, म्हणजे कुणी चिडत नाही,
म्हणाला, "हो, मॅडम."

पान चार, ओळ अकरा.
निकालात ती ओळ दोनदा आली आहे.

संध्याकाळी त्यानं विचारलं,
"बाई चांगली होती, नाही?
किती शांतपणे ऐकून घेतलं."

मी त्याच्या डाव्या बाजूला सरकलो,
कानाशी तोंड नेऊन ओरडलो :
अपील! तीस दिवस आहेत!

त्यानं मान डोलावली.
हसला.